मे महिन्याची बेगमी

मे महिन्यात गावाला जायचं, ही गोष्ट आपल्याकडे इतकी गृहीत धरलेली आहे की ती कधी काळी सुरू झाली असेल असं वाटतच नाही. जणू परशुरामाने समुद्र मागे हटवला त्याच वर्षीच्या मे महिन्यात चाकरमान्यांची पहिली तुकडी पिशव्या घेऊन खळ्यात हजर झाली असावी! माझ्या मुलीलाही तसंच वाटत होतं. यंदा गावी खळ्यात अंथरुणं टाकून पडलो होतो, तेव्हा तिने विचारलं, "पणजोबा लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत कुठे जायचे?" कुठे जाणार? ते इथेच होते की. शाळा चौथीपर्यंत, आणि मे म्हणजे वर्षातला सगळ्यात कामाचा महिना. सुट्टी हा शब्द त्यांना मुंबईला गेल्यावर कळला असेल, आणि तीही बिनपगारी.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. थोडं वाचलं, थोडं काकीला आणि आत्याला विचारलं. जे हाती लागलं ते मांडते आहे. घरातल्या मंडळींनी साल-सनावळ्या तपासून घ्याव्यात. (आत्या, तू तर नक्कीच!)

सुरुवात अर्थातच गिरणीपासून. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली आणि ती १८५६ साली चालू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा हा सगळा भाग भोंग्यांवर उठू-झोपू लागला. गिरण्यांना माणसं हवी होती आणि रत्नागिरी जिल्ह्यात (तेव्हा आताचा सिंधुदुर्गही त्यातच होता, तो १ मे १९८१ रोजी वेगळा झाला) जमीन कमी, तीही कातळाची, आणि खाणारी तोंडं जास्त. रस्ते धड नव्हते, पण समुद्र होता. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि कोकणाचा हिशेब पक्का झाला: माणसं मुंबईला, पैसे गावाला.

मुंबईला गेली ती बहुतेक पुरुषमाणसंच. एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस जण, भिंतीला टांगलेल्या ट्रंका, पाळ्यांप्रमाणे झोपायचं आणि खानावळवाल्या बाईकडे जेवायचं. बायकापोरं, म्हातारी माणसं, गुरं, शेती, देवधर्म हे सगळं मागे. जनगणनेच्या आकड्यांत हे आजही दिसतं. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. भूगोलाच्या तासाला आधीच्या जनगणनेतला असाच आकडा आम्ही घोकला होता. बाई अभिमानाने सांगायच्या, बघा, आमच्या जिल्ह्यात बायका जास्त! बायका जास्त नव्हत्या गं बाई, पुरुष कमी होते. ते लोअर परळला होते.

आता मे महिनाच का? शाळेची सुट्टी हे कारण फार नंतरचं. खरं कारण मृग.

सात जूनच्या आसपास मृग लागतो आणि त्याच्या आत काय काय उरकावं लागायचं याची यादी काकीला अजून तोंडपाठ आहे. तरव्याच्या जागेवर पालापाचोळा, शेण, गवत पसरून भाजावळ करायची. घर शाकारायचं, म्हणजे गवत असेल तर नवं घालायचं आणि नळे असतील तर एकेक काढून, झाडून, फुटलेले बदलून परत लावायचे. वानरांनी वर्षभर छपरावर जो काही तमाशा केलेला असेल तो निस्तरायचा. (मंगळुरी कौलांनी यातला बराच त्रास वाचवला. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. पण आमच्या घरावर कौलं चढायला पुढची शंभर वर्षं जावी लागली. आजोबांचा बोनस आणि बाबांची पहिली नोकरी असं दोन्ही मिळून ती आली.) खळ्यातला मांडव उतरवायचा, त्याच्या झावळ्या जळणाला रचायच्या. लाकडं फोडून पडवीत भरायची. पडवीच्या उघड्या बाजूला झड लावायची, नाहीतर आषाढातला पाऊस थेट माजघरात.

ही पुरुषांची यादी. बायकांची याहून मोठी. पावसाचे चार महिने बाजार नाही, मासळी नाही, ऊन नाही. म्हणजे जे काही लागेल ते आत्ताच वाळवून भरायचं. मीठ, मिरची, सुकवलेली मासळी, पोह्याचे पापड, फणसाचे पापड, आंब्याची साठं, आठळ्या, आणि कोकम. कोकमाला आठवडा लागतो. फळं फोडून बिया वेगळ्या, सालं उन्हात, मग मिठाच्या रसात बुडवायची आणि परत उन्हात. असं रोज. पुटावर पूट चढतं तसं ते आमसूल काळं आणि मऊ होत जातं. बियांचं भिरंडेल निघतं, ते टाचांच्या भेगांना. या सगळ्याला एकच शब्द आहे, बेगमी.

तर गिरणीतला माणूस मे महिन्यात घरी यायचा तो या बेगमीला हात लावायला. आराम करायला नव्हे. आणि येणं तरी कुठे सोपं? भरपगारी रजा असा प्रकारच नव्हता. फॅक्टरी कायद्यात १९४५ मध्ये दुरुस्ती झाली आणि १९४६ च्या सुरुवातीपासून वर्षाकाठी दहा दिवस पगारी रजा मिळू लागली. १९४८ च्या नव्या कायद्याने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असा हिशेब घातला. त्याआधी गावाला जायचं म्हणजे पगार सोडायचा, आणि परत आल्यावर आपल्या साच्यावर दुसराच कोणी बदली उभा असायची शक्यता. तरी माणसं जायची. मालक मंडळी याला कामगारांचा बेभरवसा म्हणायची. पण १९३१ साली आलेल्या व्हिटली आयोगाच्या अहवालाने याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. आयोगाचं म्हणणं थोडक्यात असं, की कामगाराची गावाशी असलेली नाळ ही फायद्याची गोष्ट आहे, ती तोडू नये. आजारपण, म्हातारपण, बेकारी, बाळंतपण या सगळ्यांत त्याला आधार फक्त गावाचाच.

हे वाचल्यावर मी पुस्तक खाली ठेवलं. म्हणजे आमचं गावचं घर हा सरकारदरबारी नोंदलेला विमा होता! आणि त्याचा हप्ता भरत होती आजी. शेत कसून, गुरं राखून, घर उभं ठेवून.

आता प्रवासाबद्दल. आजोबा बोटीने यायचे. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटली की हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत खाली जायची. आमचं बंदर मुसाकाजी. बोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव येऊन माणसं, ट्रंका, कोंबड्या असं सगळं एकत्र उतरवून घ्यायचा. आत्याला लहानपणी एकदा कोणीतरी पोत्यासारखी वरून खाली दिली होती, ते ती अजून सांगते. डेकवर उलट्या करणाऱ्यांना "बोट लागली" म्हणायचे. बोटी गेल्या, पण शब्द राहिला आणि नुसता रस्त्यावर आला. आम्हाला एसटी लागायची, माझ्या मुलीला कशेडी घाटात कार लागते.

बोटीचं एक महत्त्वाचं कलम असं, की पावसाळ्यात ती बंद. मेच्या अखेरीस शेवटच्या बोटी सुटायच्या आणि मग नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होईपर्यंत सगळं ठप्प. त्यामुळे परत जायची तारीख आभाळ ठरवायचं. आणि आभाळ फसवायचंही. १७ जुलै १९४७ ला, आखाडातल्या अवसेला, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आमच्या घरचं त्यात कोणी नव्हतं, पण आजी त्यानंतर आजोबांचं पत्र येईपर्यंत दिव्यात जास्तीचं तेल घालायची असं आत्या सांगते. आत्या तेव्हा पाच वर्षांची. इतकंच तिला आठवतं, घरात तेल कमी असून दिवा मोठा होता.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) अशी पहिली एसटी धावली. कोकणात ती हळूहळू पोचली, पण पोचल्यावर तिने बोटीला खाल्लं. खाड्यांवर पूल झाले, वाड्यांपर्यंत लाल मातीचे रस्ते झाले आणि घराच्या जवळपास उतरायची सोय झाली. बायकापोरांना घेऊन प्रवास करणं तेव्हा कुठे शक्य झालं. शिवाय तोवर खोल्यांमध्ये नुसते पुरुष राहिले नव्हते. बाबांसारखी मुलं शिकायला मुंबईला आली, नोकरीला लागली, लग्नं करून तिथेच संसार थाटले. त्यांची पोरं मुंबईच्या शाळेत. परीक्षा एप्रिलमध्ये, १ मेला निकाल, जूनच्या मध्याला शाळा.

पगारी रजा, एसटी आणि शाळेचं वेळापत्रक, या तिन्हींची गाठ पडली आणि मृगाच्या आधीचा कामाचा महिना पोरांच्या लेखी सुट्टीचा महिना झाला. वयाने फार तर सत्तर-पंचाहत्तर वर्षांची ही परंपरा. माझी पिढी ती उपभोगणारी जेमतेम दुसरी.

मात्र कामं तीच राहिली. फक्त आम्हाला ती खेळ वाटायची. पापडांवरचे कावळे हाकणं हा खेळ. नळे हातोहात वर देण्यासाठी शिडीवर रांग लावणं हा खेळ. कोकमं फोडून कोपरापर्यंत लाल झालेले हात एकमेकांच्या पाठीवर उमटवणं हा तर फारच मोठा खेळ, मग त्यावर आजीचा आवाज यायचा, "हात चालव गो बाय, मिरग तोंडावर आलाय!" आम्हाला मृग म्हणजे कोणी पाहुणा वाटायचा. फार खडूस असावा, कारण तो यायच्या आत सगळी मोठी माणसं धावपळ करायची.

माझ्या लहानपणीची सगळ्यात सुंदर सुट्टी कोणती, असं मला कोणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता सांगेन, १९८२.

मी सात वर्षांची होते. त्या वर्षी धाकटा काका, काकी आणि त्यांची दोन मुलं आमच्याही आधी गावाला पोचलेली होती. एरवी काका आठ दिवसांसाठी यायचा आणि त्यातले चार दिवस छपरावर असायचा. त्या वर्षी तो होताच. रोज. आम्हाला नदीच्या कोंडीत पोहायला त्याने शिकवलं, पोटाला सुके भोपळे बांधून. सड्यावर नेऊन करवंदं, जांभळं. रात्री खळ्यात सप्तर्षी, ध्रुव, विंचवाची नांगी. आजूबाजूच्या घरांतही तसंच, प्रत्येक ओटीवर काका-मामा बसलेले. वाडी इतकी भरलेली मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. रोज संध्याकाळी कोणाच्या तरी खळ्यात जमायचे, हळू आवाजात बोलायचे. आम्ही आपले त्यांच्यामधून लपंडाव खेळायचो.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. गिरण्यांमधली हजारो माणसं पुन्हा कधीच आत गेली नाहीत. मे महिन्यापर्यंत चार महिने पगार नव्हता, खोलीत खायला काही नव्हतं, म्हणून वाडी भरली होती. व्हिटली आयोगाने सांगितलेला तो विमा त्या उन्हाळ्यात माझ्या डोळ्यांसमोर वटत होता. मी भोपळे बांधून पाण्यात डुंबत होते.

जूनमध्ये आम्ही परत निघालो तेव्हा चुलत भाऊ आमच्याबरोबर आला नाही. त्याचं नाव गावच्या शाळेत घातलं होतं. एसटी सुटताना तो पायरीवर उभा होता आणि मला त्याचा हेवा वाटत होता! केवढा हेवा! त्याची सुट्टी संपलेली नाही आणि माझी संपली.

काकी हसत हसत आजही म्हणते, "आम्ही मे महिन्याला म्हणून आलो होतो बाय. अजून परतीचं तिकीट काढलेलं नाही." लालबागच्या चाळीत नळाच्या पाण्यावर संसार केलेली सत्तावीस वर्षांची बाई. इथे येऊन तिने रहाटाचं पाणी ओढलं, गुरं घातली, नांगरणी सोडून शेतातलं सगळं केलं. काकाला सावरायला सात-आठ वर्षं लागली. मग १९९० पासून रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली, तिच्यातून त्याने सड्यावर खड्डे मारून हापूसची आणि काजूची कलमं लावली. आमच्या लहानपणी आमच्याकडे सगळे रायवळ होते. चोखून खायचे, दाढा आंबवणारे. आज आमची मुलं ज्या हापूसच्या अढ्या उकरून "हा पिकलाय का बघ" करत असतात, तो संपानंतरचा आंबा आहे. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती हातातला आंबा जरा वेळ नुसती बघत बसली. मग खाल्ला. बरोबरच आहे.

तिची आवडती सुट्टी तिने मला आधीच सांगून ठेवली आहे, २०२०.

ती तेव्हा आठ वर्षांची. मार्चच्या अखेरीस सगळं बंद झालं. मेमध्ये ई-पास काढून आम्ही ठाण्याहून निघालो. गावच्या वेशीवर अडसर होता. चौदा दिवस आम्ही तिघं प्राथमिक शाळेच्या वर्गात, त्याच शाळेत जिथे भावाचं नाव घातलं होतं. काकी दोन वेळा डबा पायरीवर ठेवून लांब उभी राहायची, आम्ही खाईपर्यंत. लेकीला ही सहल वाटत होती. त्यानंतर घरी गेलो ते थेट गणपती करूनच परतलो. नवरा आणि मी सड्यावर रेंज शोधत आंब्याखाली लॅपटॉप उघडायचो, त्याचा अर्धा पगार कापलेला, माझी नोकरी राहते की जाते हे महिनाभर कळत नव्हतं. रात्री आम्ही दोघं हळू आवाजात बोलायचो. आणि ही आमच्यामधून लपंडाव खेळायची. ३ जूनला निसर्ग वादळ उत्तरेकडे श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, आमच्याकडे नुसता वारा आणि पाऊस, तर तो सुद्धा तिला मजेचा. आईबाबा दोघंही दिवसभर घरी, काकीआजी गोष्टी सांगायला, पहिला पाऊस, पहिला तरवा, पहिली लावणी. माझ्या मुलीने लावणी पाहिली आहे. मी कधीच पाहिली नव्हती, कारण शाळा उघडायची.

सात-आठ वर्षांच्या दोन मुली, मध्ये अडतीस वर्षं, आणि दोघींच्याही सर्वात गोड उन्हाळ्याचं कारण एकच, घरातल्या मोठ्यांचा पगार थांबलेला. यावर काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. १९८२ ची ती नदी मला आजही तेवढीच गार आठवते. कारण कळल्यावर तिचा गारवा कमी होईल अशी भीती होती, तसं काही झालं नाही. उलट काकाचा चेहरा आता जास्त स्पष्ट दिसतो. आमच्या पोटाला भोपळे बांधताना तो दोर दोनदा ओढून बघायचा.

असो.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली. रात्री बसलं की सकाळी राजापूर. सोपं झालं हे खरं, पण माझं आपलं एक निरीक्षण आहे: प्रवास जितका सोपा झाला तितका मुक्काम आखूड झाला. बोटीने येणारा महिनाभर राहायचा, कारण एवढे हाल काढून आठ दिवसांत कोण परतेल? आम्ही एसटीवाले पाच आठवडे. आता पोरांचे क्लास, कॅम्प, आमच्या रजा. दहा दिवस जमले तरी पुष्कळ. महामार्गाचं रुंदीकरण तर २०११ पासून पाहतोय, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

आणि आता मृगाचाही भरवसा राहिला नाही. २०२५ साली मेच्या शेवटच्या आठवड्यातच मान्सून येऊन थडकला. काकीची कोकमं तिसऱ्या पुटावर असतानाच ऊन गेलं. ती चुलीवरच्या उतवात वाळवायचा प्रयत्न करत बसली होती, पण त्या आमसुलांना बुरशी आलीच. त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या घरात विकतचं आमसूल आलं. काकीने सोलकढी केली, चाखली आणि काही न बोलता भांडं माझ्याकडे सरकवलं.

म्हणून यंदा आम्ही कोकमाला लवकर हात घातला. काका जाऊन तीन वर्षं झाली. काकीचे गुडघे धरलेले असतात, आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दोघी जावा माजघराच्या उंबऱ्यावर बसून हुकूम सोडत होत्या आणि फोडायला आम्ही पाच जण. चुलत भाऊ चिपळूणहून दोन दिवसांची रजा टाकून आला. त्याने आणि मुलांनी मांडव उतरवला. मुलांना वाटलं किल्ला पाडतोय. लेकीचे हात कोपरापर्यंत लाल. तिने ते कुठे पुसले ते माझ्या पांढऱ्या ओढणीवर दिसतंच आहे, धुऊन गेलं नाही.

सात पुटं झाली. दोन बरण्या भरल्या, एक छोटी वेगळी. मोठी काकीची, दुसरी ठाण्याची. छोटी बरणी आत्यासाठी आहे, तेव्हा आत्या, कोणाला तरी घ्यायला पाठव. माझ्याकडे ती जास्त दिवस टिकायची नाही.